गुळवेल पावडर चार महिने खाल्ली, पण चमचा कुठाय?

पहिला मुद्दा चमच्याचा. ५०० ग्रॅमची बरणी, आत चमचा नाही. बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात "अर्धा ते एक चमचा, दिवसातून दोनदा". आता चमचा म्हणजे कोणता? आमच्या घरात चहाचा, पोह्याचा, श्रीखंडाचा असे चार तऱ्हेचे हायेत. मी पोह्याचा घेतला, तो पण शिगोशीग, कारण पैसे दिलेत.

घ्यायचं कारण चिकनगुनिया. ऑक्टोबरात परभणीत आमच्या गल्लीत एक घर सोडलं नाही त्यानं. ताप चार दिवसात गेला पण बोटांची पेरं अशी धरली की सकाळी शर्टाचं बटण बायकोला लावावं लागायचं. शेजारचे मामा म्हणले गुळवेल घ्या. शेतात बांधावरच्या कडुलिंबावर ती फुकट लोंबतेय, तोडून कुंपणावर टाकली तरी पालवते, म्हणून तर तिला अमृता म्हणतात, पण १४ किलोमीटर जाऊन तोडा, कुटा, उकळा, कोण करतंय, ऑनलाइन मागवली. मोठी बरणी स्वस्त पडते म्हणून मोठी, अन् डिसेंबरपासून रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात.

चव कारल्याची मोठी बहीण. पण दीड महिन्यात पेरं मोकळी झाली, बटण स्वतः लावायला लागलो. मी तर मामांना पेढे नेले. चार स्टार, एक चमच्यासाठी कापला.

वरचं मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं, पोस्ट करायचं राहिलं. आता जूनमध्ये पुढचं लिहितोय अन् स्टार काढून घेतोय.

एप्रिलमध्ये भूक मेली. भाकरी पुढं आली की मळमळ. उन्हानं असंल म्हणून ताक पीत राहिलो, मग लघवी गर्द पिवळी अन् बायको म्हणली डोळे बघा आरशात. रक्त तपासलं, एसजीपीटी म्हणजे लिव्हर बिघडलं की वाढणारा आकडा ४१२, जिथं चाळीसच्या आसपास पाहिजे. काविळीच्या ए आणि ई च्या टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टरनी विचारलं, दुसरं काय घेता? मी म्हणलं काही नाही. मागून बायको, "अन् ती गुळवेल?" मी म्हणलं ते काय औषध हाय व्हय. डॉक्टरनी पेन खाली ठेवला.

त्यांनीच सांगितलं, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत गुळवेल घेतलेले सहा पेशंट लिव्हर बिघडून आले होते, अन् २०२२ मध्ये १३ केंद्रांतल्या ४३ पेशंटचा अभ्यास छापून आला. म्हणे काहींच्या शरीरात प्रतिकारशक्ती चढते अन् स्वतःच्याच लिव्हरवर उलटते, थायरॉईड-शुगरवाल्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. आयुष मंत्रालयाचं म्हणणं वेगळं, खरी गुळवेल सुरक्षित हाय, गडबड तिच्यासारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाची, जिच्या खोडावर गाठी असतात अन् पांढरा चीक निघतो. बरं, पण पावडर झाल्यावर गाठी कुठं बघू?

अन् पेरं? डॉक्टर म्हणले चिकनगुनियाचं दुखणं बऱ्याच जणांचं काही महिन्यात आपसूक ओसरतं. पेढे फुकट गेले.

माझं डोकं मात्र चमच्यावरच. सोनाराकडं जाऊन काट्यावर मोजला, शिगोशीग पोह्याचा चमचा पाच ग्रॅम. म्हणजे दिवसाला दहा. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी ग्रंथात, चूर्णाचं दिवसाचं प्रमाण ३ ते ६ ग्रॅम हाय. डॉक्टर म्हणले चमच्याचं सोडा, कमी घेतली असती तरी कदाचित झालं असतं. मी सोडत नाही. कस्टमर केअरला फोन लावून विचारलं, चमचा का नाही अन् ही कोणती वेल, या बॅचचा रिपोर्ट पाठवा. त्या पोरानं दोनदा सॉरी सर म्हणून १० टक्क्याचं कूपन पाठवलं.

पावडर बंद केल्यावर दोन महिन्यात एसजीपीटी ३८ वर आलं. भूक पण आली, परवा दोन भाकरी खाल्ल्या. आईचं अजून म्हणणं, लिंबावरची घेतली असती तर काही झालं नसतं. तिला मी रिपोर्ट दाखवून दमलो.

तिसऱ्या बरणीत ३०० ग्रॅम उरली होती, टाकवत नव्हती, बायकोनं न विचारता उकिरड्यावर ओतली. बरणी मात्र चांगली हाय, झाकण घट्ट. आता तिच्यात कारळाची चटणी हाय, अन् चमचा पण.