लंडनचा हंड्रेड क्लब: खांबासकट आवडलेली जागा

भारतातून पाहुणे आले की विचारतात, लंडनमध्ये एकाच ठिकाणी गाणं ऐकायचं तर कुठे जावं? बहुतेकांच्या मनात रॉयल अल्बर्ट हॉल असतो. मी त्यांना ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, १०० नंबरच्या तळघरात पाठवते. हंड्रेड क्लब. साडेतीनशे माणसांत खोली भरते, खुर्च्या मोजक्याच, आणि स्टेजसमोर खांब. तरीही माझ्याकडून या जागेला पाचपैकी पाच. का ते सविस्तर लिहिते, कारण या क्लबबद्दल मराठीत कुणी फारसं लिहिलेलं मला दिसलं नाही.

आधी दार शोधा. रस्त्याच्या उत्तर बाजूला, दुकानांच्या रांगेत एक अरुंद दार आहे. खरेदीच्या पिशव्या घेतलेले शेकडो लोक त्याच्यासमोरून सरळ निघून जातात. आत शिरलं की जिना खाली उतरतो. खाली गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो लाल रंग. भिंती लाल, त्यांवर दाटीवाटीनं लावलेले फोटो, डोक्यावर ठेंगणं छत. स्टेज खोलीच्या टोकाला नाही, लांबीच्या भिंतीलगत मधोमध आहे, आणि त्याच्या मागे मोठ्या आकड्यांत १००. त्यामुळे जागा आडवी पसरलेली, स्टेज आणि समोरची भिंत यांत अंतर कमी. तुम्ही कुठेही उभे राहा, गायकापासून फार लांब नसता. स्टेजही इतकं बुटकं की गिटारवाल्याची बोटं कुठल्या तारेवर आहेत ते दिसतं.

आता खांब. ते स्टेजच्या ऐन समोर आहेत आणि इमारत त्यांच्यावर उभी असल्यामुळे कुठे जाणार नाहीत. नवा माणूस रिकामी जागा दिसली म्हणून त्यांच्या मागे जाऊन उभा राहतो आणि मग ड्रमरऐवजी खांब बघत बसतो. माझी मुलगी आता तरबेज झाली आहे. दार उघडल्यावर ती पुढे जाते आणि हाताने खुणावते, "आई, डावीकडे ये, इथून बँडमधले तिघंही दिसतात." लवकर पोचलात तर तुम्हालाही अशी जागा मिळेल. भिंतीला मात्र टेकून उभं राहू नका. तळघरात भिंतीपाशी बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, घुमतो आणि गिटार, आवाज सगळं त्याखाली दबतं. दोन पावलं पुढे आलात की प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं. माझा दादा कॉलेजात बेस गिटार वाजवायचा, त्यामुळे मी कुठेही गेले तरी आधी बेस ऐकते. या खोलीत ड्रमचा ठोका स्पीकरमधून येण्याआधी सरळ कातड्यावरून छातीवर येतो. मोठ्या स्टेडियममध्ये शंभर पौंड मोजूनही हे मिळत नाही. इथलं तिकीट त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असतं.

या तळघरात गाणं सुरू झालं ते २४ ऑक्टोबर १९४२ ला. युद्धाचे दिवस होते. इथे तेव्हा मॅक्स नावाचं रेस्टॉरंट होतं. फेल्डमन कुटुंबानं रविवारच्या रात्रीसाठी ते भाड्यानं घेतलं, कारण घरातल्या मुलांना जॅझ वाजवायला जागा हवी होती. त्यांतला धाकटा व्हिक्टर ड्रम वाजवायचा आणि तो तेव्हा ८ वर्षांचा होता. हाच व्हिक्टर फेल्डमन पुढे अमेरिकेला गेला आणि जॅझमधल्या मोठ्या मायल्स डेव्हिसबरोबरही त्यानं वाजवलं. वर बॉम्बची भीती, खाली स्विंग, म्हणजे नाचायचा जॅझ. लंडनमध्ये असलेले अमेरिकी सैनिक इथे यायचे आणि जिटरबग नाचायचे, जो नाच बऱ्याच सभ्य हॉलमध्ये चालत नसे. तळघर असल्यामुळे लोकांना इथे थोडं सुरक्षितही वाटायचं.

युद्ध संपलं, नावं बदलत गेली. ट्रम्पेटवाले हम्फ्री लिटलटन यांच्या नावानं क्लब चालला, १९५६ मध्ये लुई आर्मस्ट्राँग इथे वाजवून गेला. १९६४ मध्ये रॉजर हॉर्टन यांनी सूत्रं घेतली आणि पत्त्यावरचा आकडाच क्लबचं नाव झाला. त्यानंतर त्यांचा मुलगा जेफ. ही कौटुंबिक बाब मला फार महत्त्वाची वाटते. साखळी कंपनीच्या हातात जागा गेली असती तर पहिल्याच नूतनीकरणात लाल रंग गेला असता आणि भिंतीवरचे फोटो कुठल्यातरी गोदामात पडले असते. हॉर्टन मंडळींनी जॅझही ठेवला आणि नव्या पोरांनाही दार उघडलं. साठच्या दशकात द हू आणि किंक्स इथे वाजवून गेले.

आणि मग १९७६. रॉकच्या इतिहासात या खोलीचं नाव कोरलं गेलं ते त्या सप्टेंबरमधल्या दोन रात्रींमुळे, २० आणि २१ तारखेला. रॉन वॉट्स नावाच्या कार्यक्रम भरवणाऱ्यानं पंक, म्हणजे साध्या, वेगवान, बंडखोर रॉकच्या बँडचा दोन दिवसांचा जलसा लावला. सोमवारी सेक्स पिस्टल्स, क्लॅश, सबवे सेक्ट आणि सुझी अँड द बॅन्शीज. मंगळवारी डॅम्ड, बझकॉक्स, व्हायब्रेटर्स आणि फ्रान्सहून आलेले स्टिंकी टॉइज. यांतल्या बऱ्याच जणांकडे रेकॉर्ड कंपनीचा करारही नव्हता. बॅन्शीज तर त्या रात्रीपुरते जमलेले, ड्रमवर पुढे सेक्स पिस्टल्समध्ये गेलेला सिड व्हिशस, ज्याला ड्रम धड वाजवता येत नव्हते. मला या गोष्टीचं अजून अप्रूप वाटतं. ज्या खोलीत आठ वर्षांच्या पोरानं सफाईदार ड्रम वाजवले, त्याच खोलीत चौतीस वर्षांनी न येणाऱ्यानं वाजवले, आणि दोन्ही वेळा काहीतरी नवं सुरू झालं.

दुसऱ्या रात्री मात्र वाईट झालं. डॅम्ड वाजवत असताना कुणीतरी ग्लास भिरकावला, तो खांबावर फुटला आणि काच एका मुलीच्या डोळ्यात गेली. पोलिसांनी सिड व्हिशसला पकडून नेलं. क्लबनं त्यानंतर पंकला बंदी घातली, पुढे ती उठली. पंकची गोष्ट सांगताना लोक ही दुसरी रात्र घाईनं उरकतात. मला ते पटत नाही. एका मुलीचा डोळा गेला, ती गाणं ऐकायला आली होती. त्या खांबांकडे बघताना मला मासिकांतल्या फोटोंआधी ती आठवते.

मागे एका जुन्या पंक बँडच्या कार्यक्रमाला आम्ही दोघी गेलो होतो. बँड नामांकित नाही, पण साठी ओलांडलेले चौघे एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू करत होते. मध्यंतरात शेजारचे आजोबा माझ्या मुलीशी बोलायला लागले. शहात्तर साली सतरा वर्षांचे असताना ते इथे आले होते. रांग पार बाहेर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर गेली होती, म्हणाले, आणि आत आल्यावर हे चांगलं आहे की वाईट तेच कळेना, पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यांनी केस कापले. मुलीनं विचारलं, "मग घरी काय म्हणाले?" आजोबा म्हणाले, "आई आठवडाभर बोलली नाही." मग दिवे मंदावले आणि ते आमच्या आधी स्टेजपाशी पोचले.

पुढचं सगळं भराभर सांगते. रोलिंग स्टोन्स १९८२ मध्ये इथे अचानक वाजवून गेले, आणि त्यांचे पियानोवादक इयन स्ट्युअर्ट डिसेंबर १९८५ मध्ये गेल्यावर त्यांच्या आठवणीसाठी १९८६ मध्ये पुन्हा आले. मेटॅलिकानं १९८७ मध्ये वेगळं नाव लावून इथे हात मोकळे करून घेतले. ओएसिस १९९४ मध्ये आले, तेव्हा त्यांचा पहिला अल्बम यायचा होता. आणि या सगळ्याच्या आजूबाजूला नॉर्दर्न सोलच्या रात्री चालूच राहिल्या, ज्यांत साठच्या दशकातल्या अमेरिकेतल्या सोल संगीताच्या विस्मरणात गेलेल्या छोट्या रेकॉर्ड लावून लोक रात्रभर नाचतात. मोठ्या नावांच्या यादीत या रात्रींचा उल्लेख नसतो. क्लबचं दर महिन्याचं भाडं मात्र अशाच नेमानं येणाऱ्या लोकांवर निघतं.

भाड्याचा विषय आला की मी जरा गंभीर होते, कारण माझं बालपण गिरगावातलं. रॉक मी पहिल्यांदा ऐकला तो धोबी तलावच्या रंगभवनात, दादाचा हात धरून. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव व्हायचा, त्याआधी १९७८ पासून जॅझ यात्रा. उघड्या आकाशाखाली, शेजारी झेवियर्स, पलीकडे कामा हॉस्पिटल. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालय आणि शाळांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र ठरलं आणि रंगभवनातला आवाज थांबला. रुग्णाला झोप हवी, हे मला मान्यच आहे. पण त्याबदल्यात गाण्याला दुसरी तशीच जागा द्यायची कुणाच्या मनात आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. एक अख्खी पिढी तिथे ऐकायला शिकली होती.

लंडनमध्येही जागा अशाच गेल्या. वॉर्डर स्ट्रीटवरचा मार्की गेला. डेन्मार्क स्ट्रीटवरचा ट्वेल्व्ह बार २०१५ मध्ये बंद झाला. चॅरिंग क्रॉस रोडवरचा अस्टोरिया २००९ मध्ये पाडला, क्रॉसरेल, म्हणजे आजच्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाच्या स्टेशनसाठी. हंड्रेड क्लबही जाणारच होता. सप्टेंबर २०१० मध्ये बातमी आली की भाडं आणि पालिकेचा कर परवडत नाही, नाताळपर्यंत कुलूप लागेल. लोकांनी मोहीम उघडली. १७ डिसेंबर २०१० ला भरदुपारी पॉल मॅकार्टनी येऊन याच बुटक्या स्टेजवर गायला. पुढच्या फेब्रुवारीत कॉन्व्हर्स या बुटांच्या कंपनीनं हात दिला आणि क्लब तगला.

बुटांच्या कंपनीचा पैसा पंकच्या खोलीत आला म्हणून तेव्हा काहींनी नाकं मुरडली होती. मला त्यात गैर काही दिसत नाही. दार उघडं राहिलं, कार्यक्रम कुणाचे लावायचे ते क्लबनंच ठरवलं, आणि आज माझी मुलगी तिथे उभी राहू शकते. पण त्याहून मोठी गोष्ट जानेवारी २०२० मध्ये झाली. वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं, म्हणजे इथल्या पालिकेनं, या क्लबचा व्यापारी जागेवरचा कर पूर्णच्या पूर्ण माफ केला. पुतळा उभारण्यापेक्षा, भिंतीवर पाटी लावण्यापेक्षा हे कितीतरी जास्त कामाचं आहे. गाण्याच्या जागा शौकाअभावी क्वचितच मरतात, बहुतेकदा पावतीवरच्या आकड्यानं मरतात, आणि तो आकडा ज्यांच्या हातात असतो त्यांनी तो खाली आणला. मुंबई-पुण्याच्या महापालिकांनी एका तरी छोट्या संगीताच्या जागेसाठी घरपट्टीत अशी सूट देऊन बघावी. रंगभवनची आठवण काढून हळहळणाऱ्या माझ्यासारख्यांनी मागायची गोष्ट ही आहे.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. आम्ही स्लाउला राहतो, तिथून एलिझाबेथ लाइननं थेट टॉटनम कोर्ट रोडला उतरायचं. डीन स्ट्रीटकडच्या दारानं बाहेर पडलात की क्लब अगदी जवळ आहे. ज्या क्रॉसरेलनं अस्टोरिया गिळला तीच गाडी आता हंड्रेड क्लबचे श्रोते आणून सोडते, हे मला प्रत्येक वेळी त्या सरकत्या जिन्यावर टोचतं.

तिकीट क्लबच्या वेबसाइटवरून आधीच काढा, साडेतीनशेची जागा गाजलेल्या नावांना बघता बघता संपते. जेवून जा. जड कोट टाळा, कारण खोली भरली की ऊब वाढते, बाहेर कितीही थंडी असो. कानात घालायचे बोळे खिशात ठेवा, विशेषतः सोबत तरुण मुलं असतील तर. गुडघे दुखत असतील तर आधी क्लबला विचारून घ्या, तळघर आहे आणि बराच वेळ उभं राहावं लागतं. भिंतीवरचे फोटो नीट बघायचे असतील तर दार उघडायच्या वेळीच पोचा, गर्दी झाली की फक्त वरची रांग दिसते. आणि पहिल्यांदा जाताना मोठ्या नावाची वाट बघू नका. माहीत नसलेला बँड निवडा, सुरुवातीला वाजवणाऱ्या पोरांनाही ऐका. याच स्टेजवर त्यांच्यासारखेच अनोळखी लोक आधी उभे राहिले आहेत.

पुण्याहून माझी मावसबहीण येते आहे. ती जुन्या सोलची वेडी, म्हणून आम्ही तिघींसाठी नॉर्दर्न सोलच्या एका ऑलनाइटरची तिकिटं काढली आहेत. तिला चपटे, घसरणाऱ्या तळव्यांचे बूट आणायला सांगितलं आहे, रबरी तळव्यांवर गिरकी घेता येत नाही.