जांभळ्या झाकणाची ट्यूब पाहूनही मी पैसे भरले

सरकारी दवाखान्यातल्या नोकरीच्या नावाखाली मला फसवलं. लिहायला लाज वाटून राहिली आहे पण लिहिते, कारण त्यांच्या खोट्या मेडिकलच्या दिवशी तिथे माझ्यासारख्याच अजून सात-आठ जणी बसल्या होत्या.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली सिस्टर, नागपुरात धंतोलीतल्या एका छोट्या दवाखान्यात आयसीयूला. बारा तासांची ड्युटी, महिन्यातून पंधरा नाइट, हातात तेरा हजार, तेही दहा तारखेच्या आत कधीच नाही. म्हणून कुठे काही मिळतं का ते बघूनच राहिली होती. नर्सिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रेझ्युमे टाकला, त्यात नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, मोबाइल, पत्ता सगळं. चार दिवसांनी फोन, "सिस्टर, तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालं", एका मोठ्या सरकारी दवाखान्याचं नाव, पद कॉन्ट्रॅक्टवर, पगार बत्तीस हजार. माझा रजिस्ट्रेशन नंबर त्याने घडाघडा वाचून दाखवला आणि मला वाटलं बाप्पा, यांच्याकडे तर सगळा रेकॉर्ड आहे. रेकॉर्ड कसला, मीच टाकलेला.

कोणी म्हणेल सरकारी नोकरीचा असा फोन येतो का. २०२३ ला डीएमईआरची, म्हणजे राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाची, नर्स भरतीची परीक्षा मी स्वतः दिली आहे, थोडक्यात राहिली, त्यामुळे पर्मनंटला जाहिरात, ऑनलाइन परीक्षा, मेरिट लिस्ट लागते आणि एम्सला जायचं तर त्यांची नर्स भरतीची परीक्षा, नॉरसेट, द्यावी लागते हे मला चांगलं माहीत होतं. पण तो पर्मनंट म्हणतच नव्हता नं! तो म्हणे एजन्सीमार्फत. आणि एजन्सीमार्फत माणसं खरंच घेतात, वॉर्डातले अटेंडंट, सफाईवाले, डेटा एंट्रीची पोरं, आपल्या ओळखीतलंच कोणीतरी असं लागलेलं असतं. तिथेच मी गळाला लागली.

आधी पंधराशे रजिस्ट्रेशनचे. मग मेडिकल आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे साडेसहा हजार, आणि मेडिकल मनीषनगरात, नाइट करून तशीच मेट्रोने उज्ज्वलनगरला उतरून गेली. तिसरा माळा, लिफ्ट नाही, दोन रूमचा फ्लॅट, दारावर कागद चिकटवलेला. शेजारी भंडाऱ्याची एक पोरगी बसली होती, मांडीवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ, सकाळच्या बसने आली होती बिचारी.

आता हे नीट वाचा. एका पोट्ट्याने माझं रक्त घेतलं. टर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, इतकं घट्ट की हात काळानिळा, ते सोडा, नवीन असेल म्हटलं. पण त्याने घेतली एकच ट्यूब, जांभळ्या झाकणाची, आणि म्हणे यातूनच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शुगर, एलएफटी (लिव्हरची तपासणी) सगळं होते. अरे, जांभळी म्हणजे ईडीटीए, रक्त गोठू न देणारं रसायन, सीबीसीला ठीक आहे, पण शुगरला करडी लागते, एलएफटीला लाल नाहीतर पिवळी, हे आमच्याकडे नवीन आलेल्या पोरीला पहिल्या आठवड्यात शिकवतात. ट्यूबवर नाव नाही, नंबर नाही, तशीच ट्रेमध्ये इतरांच्या ट्यूबसोबत टाकून दिली. मला दिसलं. एकदम स्पष्ट दिसलं. आणि मी काहीच बोलली नाही, कारण आठ हजार गेले होते आणि बोललं तर नाव कापतील असं वाटलं. माझ्या वॉर्डात कोणी असं केलं असतं तर मी आरडाओरडा केला असता.

तिथेच त्यांनी ओरिजिनल जीएनएमची मार्कशीट "व्हेरिफिकेशनसाठी" ठेवून घेतली. मग युनिफॉर्म आणि क्वार्टरचं डिपॉझिट अठरा हजार, परत मिळणार म्हणे. मग फाइल अडकली, पंचवीस द्या नाहीतर वेटिंगवरच्या मुलीला देतो. दरवेळी वाटे आत्ता थांबलो तर आधीचे पाण्यात जातील. ते पंचवीस आईच्या भिशीचे. एकूण एक्कावन्न हजार, सगळे यूपीआयवर आणि सगळे कोण्या एका माणसाच्या साध्या सेव्हिंग खात्यात, एजन्सीच्या नावावर एक रुपया नाही.

ऑफर लेटर आलं, शिक्का, सही, सगळं. जॉइनिंगची तारीख होती रविवार. आम्हाला रविवार काय नि सोमवार काय, माझ्या डोक्यातच आलं नाही. डबा घेऊन, नवीन बूट घालून गेली तर ऑफिसला कुलूप. गार्ड म्हणाला ताई, आज कोण जॉइन करून घेते? सोमवारी परत गेली, तिथल्या बाबूने लेटर पाहिलं आणि सांगितलं असं काही आमच्याकडून निघतच नाही. फोन लावला तर बंद. मनीषनगरला गेली तर दारावर "भाड्याने देणे आहे".

नंतर मी जे केलं ते तुम्ही करू नका. घरी कळू नये म्हणून रागारागात सगळी चॅट डिलीट केली आणि सहा दिवस गप्प बसली. सहाव्या दिवशी आमच्या इनचार्ज सिस्टरने रडताना पकडलं, त्यांनीच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायला लावला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पोलीस स्टेशनला विचारलं चॅट कुठे आहे, ऑफर लेटर कोणत्या नंबरवरून आलं? मी काय दाखवणार. बँकेच्या अ‍ॅपमधून व्यवहारांचे बारा आकडी यूपीआय नंबर काढून दिले, तेवढेच कामी आले. साहेब म्हणाले पहिल्या काही तासांत फोन केला असता तर पैसे खात्यात होल्ड होण्याचा चान्स होता, आता ते पुढच्या खात्यात गेले. आई काहीच बोलली नाही, फक्त भिशीच्या बायकांना काय सांगायचं ते विचारलं.

मार्कशीटच्या डुप्लिकेटसाठी अर्ज केला आहे, ती येईपर्यंत दुसरीकडे कुठे जाता येत नाही, म्हणून जुन्याच ठिकाणी नाइट चालू आहेत.

आणि भंडाऱ्याच्या त्या ताई, बाळाला निळं स्वेटर होतं, मी तुमचा नंबर घेतला नाही. तुम्ही पैसे भरले असतील तर भंडाऱ्यालाच तक्रार करा, आणि त्यांनी दिलेला खाते नंबर त्यात नक्की लिहा, माझ्या तक्रारीतला आणि तुमचा एकच निघाला तर पोलीस जोडून घेतील. चॅट डिलीट करू नका.