शेताला नेपियरचा आडोसा: वर्षभर वापरल्यानंतर

आमचं रान सिन्नरच्या पूर्वेला, उघड्या माळावर. आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की टोमॅटोचे बांबू कलंडतात, सुतळी खोडाला काचते आणि वरचा कोवळा शेंडा मोडतो. द्राक्षबागेला लावतात तशी हिरवी जाळी टोमॅटोला परवडत नाही. म्हणून गेल्या फेब्रुवारीत पश्चिम बांधालगत नेपियर या उंच चारा-गवताच्या दक्षिणोत्तर दोन ओळी लावल्या. वाण राहुरी विद्यापीठाचा फुले जयवंत, दोन डोळ्यांच्या कांड्या, आणि ठिबकची एक नळी.

आषाढापर्यंत गवत डोक्याच्या वर गेलं. आडोशाचा परिणाम उंचीच्या दहापटीपर्यंत पोचतो असं सांगतात. आमच्याकडे आठ फुटी गवतामागे साठ-सत्तर फूट तो स्पष्ट जाणवला. त्या पट्ट्यातली पानं फाटली नाहीत, फळावर घासल्याचे डाग नगण्य. दुपारीसुद्धा फवारणी अंगावर न येता झाडावर बसायची, याचं मला फार अप्रूप वाटलं. भिंतीपेक्षा गवत सरस ठरतं ते त्याच्या फटींमुळे. भरीव भिंतीवरून वारा उडी मारून पलीकडे भोवरे घेत आदळतो. गवतातून तो चाळणीतून आल्यासारखा मंद होऊन येतो.

मात्र आडोशात मोकळी जागा ठेवू नका. ट्रॅक्टरसाठी मध्येच वाट सोडली की तिथून वारा आणखी जोराने घुसतो. वाट उत्तरेच्या टोकाला काढा.

कापणीची शिस्त सगळ्यात महत्त्वाची. गाई दावणीला हंबरत असल्या तरी दोन्ही ओळी एकदम कापायच्या नाहीत. एक कापली की तिचा फुटवा कमरेएवढा होईपर्यंत दुसरीला विळा लावायचा नाही. चारा भरपूर मिळतो, पण नेपियरमध्ये जनावरांना जास्त झाल्यास बाधणारं ऑक्झलेट असतं, तेव्हा नुसता तोच न घालता कडबा आणि लसूणघास मिसळून द्या.

तोटाही सांगतो. नेपियर अधाशी आहे. त्याच्या लगतच्या टोमॅटोच्या दोन ओळी खुरट्याच राहिल्या. मग मध्ये दीड फूट खोल चर काढला, मुळं तोडली, तेव्हा पुढच्या पिकाला बरं वाटलं. हे काम दरवर्षी करावं लागणार. ज्यांच्याकडे जनावरं नाहीत त्यांनी वाळा लावावा; त्याची मुळं सरळ खाली जातात, पिकाशी ओढाताण कमी. पहिल्या वर्षी तो हळू वाढतो आणि नेपियरएवढा उंचही होत नाही, हे धरून चाला.

जूनमध्ये टोमॅटो लावणार असाल तर कांड्या फेब्रुवारी-मार्चमध्येच जमिनीत गेल्या पाहिजेत. पावसाबरोबर लावलेलं गवत त्या वर्षीच्या आषाढवाऱ्याला काही पुरं पडत नाही.