आठ महिने एक्सेलच्या टेबलवर: मधे ओळ घातली तरी वही बिघडत नाही

आमच्या सोसायटीची खर्चवही मी एक्सेलमध्ये ठेवते. बिलं काही तारखेच्या क्रमाने हातात येत नाहीत. प्लंबरचं काम पहिल्या आठवड्यातलं, बिल मिळतं महिनाअखेरीला. म्हणजे मधे ओळ घालणं आलंच, आणि वही बिघडायची ती तिथेच.

नवी ओळ वरच्या ओळीचं रूप घेते. शीर्षकाच्या लगेच खाली घातली, की तीही ठळक आणि रंगीत. चेक नंबरच्या रकान्याचं टेक्स्ट फॉरमॅट त्या ओळीला मिळायचं नाही, मग 004512 चा 4512 व्हायचा. नुसती व्हॅल्यू, म्हणजे रूप सोडून फक्त आकडा-मजकूर, पेस्ट केली, की 1 एप्रिल 2025 ही तारीख 45748 अशी दिसायची. ओळ घातल्यावर शेजारी ब्रशचं छोटं बटण येतं, त्यात ‘फॉरमॅट सेम ॲज बिलो’ निवडलं की काम होतं. पण पुढचं काही करायला घेतलं की ते बटण जातं, आणि घाईत माझं त्याच्याकडे लक्षच जायचं नाही.

शेवटी सगळा तक्ता निवडून कंट्रोल-टी दाबलं, म्हणजे त्याचं एक्सेलचं ‘टेबल’ केलं. तेव्हापासून ओळ कुठेही घाला, रंगाचे पट्टे आपोआप एकाआड एक बसतात, शिल्लक रकमेचं सूत्रही खाली उतरतं. शेवटच्या कप्प्यात टॅब दाबला की नवी ओळ तयार. कंट्रोल-शिफ्ट-टी ने बेरजेची ओळ येते आणि नवी नोंद तिच्यात धरली जाते. पूर्वी बेरजेच्या अगदी वर घातलेली ओळ एकदा हिशेबातून सुटली होती आणि ती शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. माझ्यासाठी सगळ्यात मोठा दिलासा हाच.

सुरुवातीला मात्र माझी एक चूक झाली. आधी हाताने भरलेले रंग मी काढले नव्हते. हाताने दिलेला रंग टेबलच्या शैलीवर वरचढ ठरतो, त्यामुळे पट्टे दिसेनात. आधी ‘नो फिल’ करा, मगच टेबल करा. जोडलेले कप्पेही टेबलात चालत नाहीत, ते सुटे होतात. मला ते बरंच वाटलं.

बँकेच्या स्टेटमेंटमधून पेस्ट करताना अजूनही जपावं लागतं. साधं पेस्ट केलं की तिकडचा फाँट इकडे येतो. थकबाकी लाल दाखवणारा माझा कंडिशनल फॉरमॅटिंगचा नियमही अशा कॉपी-पेस्टमध्ये तुकड्या-तुकड्यांत वाटला गेला होता. आता कंट्रोल-ऑल्ट-व्ही दाबून फक्त व्हॅल्यूज घेते.

एक उणीव खरोखर जाणवते. शीट पासवर्डने बंद केली, की टेबल वाढतच नाही. म्हणून मूळ फाइल पासवर्डशिवाय माझ्याकडेच ठेवते आणि कमिटीला पीडीएफ पाठवते.