फिट की कोलोनोस्कोपी? काहीही त्रास नसताना आतड्याची कोणती तपासणी करावी

शौचातून रक्त जात असेल, विनाकारण वजन घटत असेल किंवा हिमोग्लोबिन का उतरलं ते कळत नसेल, तर फिट (शौचाची चाचणी) की कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी), ही निवड तुमच्यासाठी नाही. 'मूळव्याधच असेल' म्हणून मलम लावत बसू नका, थेट पोटविकारतज्ज्ञांना गाठा. अशा वेळी फिट निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही.

त्रास नसलेल्यांसाठी अमेरिकेत २०२१ पासून ४५ ते ७५ या वयात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी सुचवली जाते. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, आतड्याचा नाही. म्हणून स्वतःहून विचारावं लागतं.

फिट ही शौचाची चाचणी. डोळ्यांना न दिसणारं माणसाचं रक्त ती प्रतिपिंडांनी ओळखते, त्यामुळे मटण किंवा क जीवनसत्त्वाचं पथ्य लागत नाही. लॅबमध्ये नुसतं 'स्टूल ऑकल्ट ब्लड' म्हटलं तर जुनी, पथ्याची चाचणी होऊ शकते. 'फिट' असं नाव घेऊनच विचारा. नमुना पाण्यात किंवा लघवीत भिजता कामा नये, म्हणून भांड्यात आधी कोरडा कागद पसरा. किटमधली काडी शौचावर चार-पाच ठिकाणी फिरवा. काडीवरच्या खाचा भरल्या की पुरे, गोळा भरू नका. पाळी चालू असताना नमुना घेऊ नका. खरा घोळ उन्हाळ्यात होतो: उष्णतेने हिमोग्लोबिनचं विघटन होतं आणि रक्त असूनही चाचणी निगेटिव्ह येते. बाटली गार ठेवा, शक्यतो त्याच दिवशी पोचवा.

एका फिटमध्ये चारपैकी साधारण तीन कर्करोग सापडतात, पण मोठे पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवरच्या गाठी, ज्यांचा पुढे कर्करोग होऊ शकतो) मात्र जेमतेम चौथा हिस्सा. म्हणून ती दरवर्षी करायची. एकदा करून विसरणार असाल तर फिट निवडू नका.

कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला की बहुतेक वेळा तिथेच काढला जातो, म्हणजे कर्करोग होण्याआधीच अडवला जातो. सगळं ठीक निघालं तर पुढची १० वर्षांनी. लोकांना नकोसं वाटतं ते जुलाबाचं औषध. ते अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीआधी ४ ते ६ तास घेतलं तर आतडं नीट साफ होतं; सगळं आदल्या रात्रीच संपवलं तर उजव्या बाजूला चिकट थर उरतो आणि चपटे पॉलिप त्याखाली लपतात. लाल सरबत नको. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवा. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका दहा हजारांत काही जणांना असतो, उतारवयात जास्त. रिपोर्टमध्ये दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, पोचली का आणि सफाई कशी होती, हे वाचाच. सफाई वाईट असेल तर १० वर्षांचा हिशेब लागू होत नाही.

पक्षाघात होऊन गेला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आम्ही आधी फिटच सुचवू. तिच्यासाठी काही थांबवावं लागत नाही. कोलोनोस्कोपीसाठी ती गोळी मनाने बंद करणं म्हणजे दुसऱ्या झटक्याला आमंत्रण. न्यूरॉलॉजिस्ट आणि पोटविकारतज्ज्ञ मिळून ठरवतील.

आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला हा कर्करोग झाला असेल तर फिटचा विचार सोडा. वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा त्यांचं निदान झालं त्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करा.

आणि फिट पॉझिटिव्ह आली तर 'खात्रीसाठी' पुन्हा फिट करू नका. गाठ रोज रक्त सांडतेच असं नाही. दुसरी निगेटिव्ह आली तरी पहिली खोटी ठरत नाही. कोलोनोस्कोपीची तारीख त्याच आठवड्यात घ्या.