लोक अदालतीत अपघाताचा क्लेम मिटवला, पाचपैकी साडेतीन स्टार

रेटिंग वरच देऊन टाकलंय कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. नॅशनल लोक अदालत, म्हणजे कोर्टातल्या केसेस दोन्ही बाजूंच्या संमतीने मिटवायची अदालत, ही फुकट सर्व्हिस आहे, आमच्या दाजींच्या अपघाताचा क्लेम आम्ही तिथे 9 लाख 25 हजारांना मिटवला. एवढे कमी झाले की बरे झाले यावर घरात अजून दोन गट आहेत, म्हणून पूर्ण हिशोबच मांडतो, तुम्हीच ठरवा.

दाजींचं वय 34, फॅब्रिकेशनचं काम, ग्रिल, शटर, जिन्याचे रेलिंग. बाईकवरून घरी येताना टेम्पोने इंडिकेटर न देता आत घेतलं आणि उजव्या पायाची नडगी मोडली, रॉड टाकला, सहा महिने काम बंद. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. एफआयआर टेम्पोवाल्यावर झाला, टेम्पोचा थर्ड पार्टी इन्शुरन्स चालू होता, म्हणजे पैसे द्यायचे ते कंपनीने. कंपनीचं नाव घेत नाही, अनुभव विचारलात तर बहुतेक कंपन्यांचं सारखंच निघेल.

हॉस्पिटलात असतानाच एक जण येऊन कार्ड देऊन गेला, "क्लेम आम्ही करतो, तुम्ही काही बघायचं नाही, आलेल्या रकमेतले वीस टक्के." ताई सही करायला निघाली होती. वकिलाने दाव्याच्या रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर नियम लावणाऱ्या संस्थेच्या, नियमात मनाई आहे, हे लोकांना माहितच नसतं, आणि हा तर वकीलही नव्हता. आम्ही ओळखीतला वकील केला, फी आधी ठरवून, टप्प्याटप्प्याने.

मुदतीचं आधी सांगतो, कारण इथे बरेच जण अडकतात. मोटार वाहन कायद्यातल्या बदलानंतर, म्हणजे 1 एप्रिल 2022 पासून, दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा आहे. त्या मुदतीवर सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे पण त्या भरवशावर बसू नका. दावा अपघात जिथे झाला तिथेच लावायला पाहिजे असंही नाही, तुम्ही राहता त्या भागातल्या ट्रिब्युनलमध्येही (अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट) लावता येतो, आम्ही तसंच केलं. आणि एक छोटी वाट अजून आहे, कलम 164, त्यात चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख. पण ते स्वीकारलं की मोठा दावा संपला. पाय जन्मभरासाठी अधू झालेल्या कमावत्या माणसाने अडीच लाखावर सही करणं म्हणजे वेडेपणा, हे माझं मत.

आता हिशोब, कारण रिव्ह्यूचा खरा जीव यातच आहे.

अपघाताच्या भरपाईचा आकडा कुणाच्या मनात येतो म्हणून पडत नाही, त्याला फॉर्म्युला आहे. वर्षाचं उत्पन्न, त्यात पुढे वाढलं असतं म्हणून काही टक्के, गुणिले वयाप्रमाणे एक मल्टिप्लायर, गुणिले कमाईची ताकद किती टक्के गेली ते. मल्टिप्लायर सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये सरला वर्मा केसमध्ये ठरवून दिलेत, 31 ते 35 वयाला 16, म्हणजे दाजींना 16. वाढीव उत्पन्नाचे टक्के 2017 च्या प्रणय सेठी केसमधले, स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत असेल तर 40 टक्के. ते निकाल मृत्यूच्या केसमधले, पण जखमींनाही लावतात. कायमची नोकरी असेल तर वेगळे टक्के आहेत.

आम्ही धरलेलं असं: महिना 15 हजार, वर्षाला 1 लाख 80 हजार, त्यात 40 टक्के वाढ म्हणजे 2 लाख 52 हजार, गुणिले 16 म्हणजे 40 लाख 32 हजार. सिव्हिल सर्जनच्या सर्टिफिकेटवर अपंगत्व 22 टक्के, म्हणजे 8 लाख 87 हजार. वर दोन लाखांची बिलं, रॉड काढायच्या ऑपरेशनचे 40 हजार, सहा महिने बुडालेली कमाई 90 हजार, वेदना आणि बाकी त्रासाचे एक लाख. एकूण 13 लाख 17 हजार.

कंपनीची पहिली ऑफर साडेचार लाख.

गणित तेच, फक्त प्रत्येक रकान्यात हात आखडता. उत्पन्न 10 हजार कारण आयटी रिटर्न नाही, वाढीचे टक्के शून्य, बिलांतली काही अमान्य, रॉड काढायचं "तेव्हाचं तेव्हा बघू", आणि 22 टक्क्यांचे सरळ 8. त्यांचं म्हणणं 22 टक्के हे एका पायाचे आहेत, पूर्ण शरीराचे नाहीत. ऐकायला बरोबर वाटतं, आणि डॉक्टरी हिशोबात तो फरक असतोही. पण सुप्रीम कोर्टाने 2010 च्या राज कुमार केसमध्ये हेच सांगितलंय की सर्टिफिकेटवरचा आकडा जसाच्या तसा उचलायचा नाही, तो माणूस काय काम करतो आणि त्या दुखापतीने त्याची कमाई किती घटते ते बघायचं. बँकेत बसून काम करणाऱ्याचा पाय आणि फॅब्रिकेटरचा पाय, सर्टिफिकेट एकच असलं तरी भरपाई एक नाही.

आता लोक अदालतीचा दिवस. जिल्हा कोर्टाच्या आवारात मंडप, टेबलांवर पॅनेल नंबर चिकटवलेले, एका टेबलावर वीजबिलाची थकबाकी, दुसऱ्यावर चेक बाउन्स, पलीकडे बँकेची वसुली, आणि कोपऱ्यात आमचं मोटार अपघात पॅनेल. पॅनेलवर एक न्यायाधीश मॅडम आणि सोबत एक वकीलसाहेब. कंपनीचा अधिकारी केसेसची यादी आणि लॅपटॉप घेऊन, कंपनीचे वकील शेजारी. खरी बोलणी आधीच्या बैठकीत सुरू झालेली असतात, त्या दिवशी फक्त शेवटची ओढाताण होते, त्यामुळे ती आधीची बैठक कुणी चुकवू नये.

उत्पन्नावरून अधिकारी अडून बसला. दाजींची बिलबुकं काळवंडलेली, ग्राइंडरचा काळा पानापानाला, त्यातल्या अर्ध्या पावत्यांवर गिऱ्हाइकाचं नुसतं आडनाव. तो पानं उलटत म्हणाला यावरून काय सिद्ध होतं. मग ताईने पासबुक काढलं आणि लोखंडाच्या दुकानाची मालाची बिलं काढली, की बाबा एवढा माल महिन्याला कोण घेतो, घरी लोणचं घालायला? मॅडम हसल्या. 15 हजार धरले, वाढीचे 40 टक्केही धरले.

मग मॅडमनी दाजींनाच विचारलं, "तुमचं काम कसं असतं, नेमकी अडचण काय येते?" दाजी बोलण्यात कच्चे, ते म्हणाले "दाखवतो", आणि टेबलाच्या बाजूला सरकून उकिडवं बसायला गेले. डावा गुडघा वाकला, उजवा अर्ध्यावर अडकला, टेबलाची कड धरून तसेच वाकडे राहिले, आणि म्हणाले "खालची वेल्डिंग सगळी अशी बसूनच करायची असते मॅडम, आता पोराला बसवतो आणि मी वरून सांगतो." अधिकाऱ्याने लॅपटॉपमध्ये काहीतरी बदललं. 8 चे 14 टक्के झाले.

तर अंतिम आकडा असा: 40 लाख 32 हजारांचे 14 टक्के म्हणजे 5 लाख 64 हजार, बिलं आणि रॉड मिळून 2 लाख 40 हजार, बुडालेली कमाई 90 हजार, वेदनांचे 30 हजार, आणि गोळाबेरीज 9 लाख 25 हजार. वेदनांना फक्त तीस हजार हे मला पटलेलं नाही, पण दाजी म्हणाले बास.

लढलो असतो तर? कदाचित 11-12 लाख आणि वर दावा लावल्यापासूनचं व्याज. पण त्यावर कंपनी हायकोर्टात गेली असती तर किती वर्षं गेली असती ते सांगता येत नाही, आणि दाजींच्या डोक्यावर पतसंस्थेचं कर्ज, ज्याचं व्याज कोर्टाच्या व्याजापेक्षा जास्तच. लोक अदालतीत रक्कम एकठोक असते, व्याज त्यातच धरलेलं. म्हणून ज्यांचं घर कमाईविना चाललंय त्यांना मी ही सर्व्हिस सुचवेन. डोक्याला किंवा मणक्याला मार असेल, जन्मभर माणूस ठेवावा लागणार असेल, तर मात्र इथे घाई करू नका, तिथे रक्कम खूप मोठी असते आणि एका दिवसात ती कुणी मोजत नाही.

एक मात्र पक्कं लक्षात असू द्या, लोक अदालतीतला निवाडा कोर्टाच्या डिक्रीसारखा, म्हणजे कोर्टाच्या हुकमासारखा, असतो आणि त्यावर अपील नाही. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला शेवटपर्यंत आहे, नाही म्हटलं तर केस परत ट्रिब्युनलकडे जाते, काही बिघडत नाही. "आज घेतलं नाही तर विसरा" असं मंडपात कुणीतरी कानाशी येऊन बोलतंच, आमच्याही कानाशी आलं, लक्ष देऊ नका. आणि रॉड काढायचा, फिजिओचा असा पुढचा खर्च डॉक्टरांकडून लेखी एस्टिमेट घेऊन आधीच टाका, सही झाल्यावर त्याच दुखापतीसाठी परत मागता येत नाही.

स्टार कुठे कापले? एक स्टार घाईसाठी. आमच्या पुढच्या म्हातारबांना त्यांची रक्कम कशी आली हे कुणी नीट सांगितलंच नाही, ते सही करून बाहेर आले आणि मलाच विचारायला लागले "बरी मिळाली का?" त्यांचं वय विचारून मी मोबाईलवर गुणाकार करून दाखवला, बऱ्यापैकी निघाली, पण हे काम माझं होतं का? अर्धा स्टार बसायच्या जागेसाठी, अपघातातले लोक येणार हे माहीत असताना कुबड्या घेऊन रांगेत उभं करायचं म्हणजे कमाल आहे. कंपनीने पैसे सांगितल्यापेक्षा उशिरा टाकले, त्याचा स्टार लोक अदालतीचा कापत नाही. पॅन कार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स त्याच दिवशी देऊन पोच घ्या, आमच्या पुढच्या एकाचं पेमेंट फक्त खात्यावरचं नाव आधारपेक्षा वेगळं होतं म्हणून लटकलं होतं.