क्रिटा वापरून बघा: सोलापुरातल्या आम्हा डिजिटल चित्र काढणाऱ्यांचा रिव्ह्यू

ताई डिजिटल आर्ट चालू करायचंय, आयपॅड घ्यावाच लागतो का, असं मला आठवड्याला कोणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी लॅपटॉपवर क्रिटा टाक, एक साधा पेन टॅब्लेट (लॅपटॉपला जोडून पेनाने काढायची पाटी) घे, आणि सहा महिने नुसतं काढत राहा. मग आयपॅडचं बघू. हे मी पैसे वाचवायचे म्हणून सांगत नाही (वाचतात, ते वेगळं). मी सोलापुरात बसून ज्या प्रकारची चित्रं काढते त्याला क्रिटासारखं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही म्हणून सांगते.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), केडीई नावाच्या कम्युनिटीतून आलेलं. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. ट्रायल संपली आता पैसे भरा, चित्रावर वॉटरमार्क, महिन्याचं भाडं, असलं काही नाही. आणि मुळात हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर नाही, हाताने चित्र काढणाऱ्यांसाठी बनवलेलं आहे, आणि हे उघडल्या उघडल्या कळतं कारण ब्रशच एवढे दिलेत की पहिल्या दिवशी माणूस नुसता ब्रशच ओढत बसतो.

आता मुद्द्यावर येते. माझी स्टाईल म्हणजे पॅटर्न. सोलापुरी चादर बघत मोठी झालेय, घरात अंथरायला तीच, पांघरायला तीच, पाहुण्याला द्यायला पण तीच, त्यामुळे डोळ्याला ती रिपीटची, म्हणजे एकच नक्षी परत परत येण्याची सवय लागलेलीच आहे. आमच्या शेजारचे काका शहराच्या पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात ग्राफवर डिझाईन काढायचे. चादरीवरचं मयूरपंख असो की वेल असो, ते आधी चौकटीच्या कागदावर भरलं जातं, एक चौकट म्हणजे ताण्या-बाण्याची एक गाठभेट, आणि त्या ग्राफवरून जकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) कार्डाला भोकं पाडतात, भोक असेल तर धागा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. मी एकदा काकांना माझं डिजिटल मोरपीस दाखवलं, एकदम गुळगुळीत गोलाई काढलेली. ते बघून म्हणाले, "छान हाय पोरी, पण ही रेघ मागावर चढायची नाही. मागाला गोल कळत नाही, पायऱ्या कळतात."

त्यानंतर मी घरात जितक्या चादरी होत्या तितक्या डोळ्याला लावून बघितल्या. खरंच पायऱ्या. मोरपिसाचा डोळा लांबून गोल दिसतो पण जवळून बघा, दोन चौकटी आडव्या, एक उभी, परत एक आडवी, मग सलग तीन उभ्या, अशी ती रेघ चढत जाते. आणि चादर उलटी केली की तेच चित्र पण रंगांची अदलाबदल, जमिनीचा (म्हणजे मागच्या भागाचा) रंग पिसाला आणि पिसाचा जमिनीला. मला माझी स्टाईल तिथे सापडली. मी आता मुद्दाम पायऱ्यांच्या रेघेत काढते, आणि प्रत्येक डिझाईनची उलटी बाजू पण बनवते.

आणि इथेच क्रिटा कामाला येतं. त्यात रॅप अराउंड मोड म्हणून एक प्रकार आहे, कीबोर्डवर डब्ल्यू दाबायचं बस. कॅनव्हास सगळीकडे रिपीट व्हायला लागतो, स्क्रीनभर तुमचीच टाईल (नक्षीचा एक तुकडा) पसरते, आणि तुम्ही उजव्या कडेच्या बाहेर रेघ नेली की ती त्याच क्षणी डाव्या कडेतून आत येते. सांधा दिसतच नाही. बाकी बऱ्याच ठिकाणी हेच करायला चित्र कापा, सरकवा, मधली फट भरा, परत सरकवा, असली कसरत असते. इथे काढता काढताच पूर्ण चादर डोळ्यासमोर असते, वेल कुठे जास्त दाट झालीय, कुठे मोकळा पट्टा उगाच उठून दिसतोय, लगेच कळतं. ज्याने कधी रिपीट डिझाईन केलंय त्यालाच समजेल ही काय चीज आहे, मी तर पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं.

माझी पद्धत साधी आहे. छोटा कॅनव्हास घेते, कडा मऊ न करणारा पिक्सेल ब्रश, रॅप अराउंड चालू, आणि चौकटीत भरल्यासारखं काढत जाते. रंग चार किंवा पाचच, मागावर पण रंग मोजकेच असतात आणि त्या बंधनानेच चादरीला ते देखणेपण येतं असं माझं मत आहे. रंग चुकून जास्त झाले तर इंडेक्स कलर्स नावाचा फिल्टर आहे, तो ठरवलेल्या रंगांतच सगळं बसवतो. शेवटी चित्र मोठं करताना स्केलच्या खिडकीत निअरेस्ट नेबर निवडायचं, हे विसरू नका, नाहीतर पायऱ्यांच्या कडा धूसर होतात आणि सगळ्या मेहनतीवर पाणी. उलटी बाजू बनवायला ग्रेडियंट मॅप (गडद-फिकटानुसार रंग बदलणारा फिल्टर) लावते, गडद-फिकट पालटले की झालं.

आम्ही चार-पाच जण अधूनमधून रविवारी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला भेटतो, स्केचबुक घेऊन, लॅपटॉप असेल तर लॅपटॉप. सगळे क्रिटावालेच, पण एकाचं काम दुसऱ्यासारखं दिसत नाही, आणि मला ह्या सॉफ्टवेअरबद्दल सगळ्यात जास्त हेच आवडतं. आमच्यातला एक दादा फक्त सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा काढतो. संक्रांतीच्या त्या दिवसांत तो पांढऱ्या बाराबंदीतल्या (बंदांचा पारंपरिक अंगरखा) गर्दीत स्केचबुक घेऊन घुसलेला असतो, नंदीध्वज (यात्रेतली उंच, जड मानाची काठी) पेलणाऱ्याच्या मानेचा ताण, खांद्याचा कोन, पायाचा रोवलेला अंगठा, एवढंच टिपतो, चेहरे सोडून देतो. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, तो जिथे होतो त्या संमती कट्ट्याजवळ तर हात हलवायला जागा नसते पण गडी तिथे पण चार रेघा मारून येतोच. घरी येऊन ती स्केचेस रेफरन्स इमेजच्या टूलने कॅनव्हासच्या बाजूला लावतो आणि जाड शाईच्या ब्रशने थेट काढतो, अनडू न करता. मी म्हणलं कशाला स्वतःला त्रास, तर म्हणे, "काठी उचलल्यावर परत खाली ठेवून पहिल्यापासून उचलतात व्हय? मग रेघ पण तशीच." मला हे फार पटलं. त्याच्या चित्रातली रेघ थरथरते, आणि ती थरथर तिथे पाहिजेच. त्यामुळे तो स्टॅबिलायझर (हाताची थरथर काढून टाकणारी सोय) बंद ठेवतो. मला मात्र लांब वेलीसाठी स्टॅबिलायझर लागतो, हात स्थिर नसला तरी रेघ न थरथरता येते, ब्रशच्या टूल ऑप्शनमध्येच बेसिक, वेटेड, स्टॅबिलायझर असे पर्याय आहेत, बघा आपापल्या हाताला कुठला जमतो.

एक कॉलेजची मुलगी आहे, ती अॅनिमेशन करते. तिची ओढ सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाची. माळढोक पक्षी आता दिसणं म्हणजे नशीबच, पण काळवीट दिसतात, आणि काळवीट पळताना चारी पाय हवेत असतात तो क्षण तिला पकडायचाय. क्रिटात टाइमलाइन आहे, ओनियन स्किन आहे म्हणजे आधीचं आणि पुढचं चित्र फिकट दिसत राहतं, त्यावरून ती एकेक फ्रेम हाताने काढते. सेकंदाला 12 चित्रं. ती आधी पाठीच्या कण्याची एकच वक्र रेघ सगळ्या फ्रेममध्ये काढून घेते, ती रेघ नीट उसळली की मगच पाय जोडते. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढं असणं म्हणजे खरंच मोठी गोष्ट आहे. लांब फिल्म बनवायची असेल तर मात्र जड जाईल, छोटे तुकडे करून बाहेर जोडावे लागतील, ती तसंच करते.

आता जे जमत नाही ते पण सांगते. अक्षरं. देवनागरी लेटरिंग, लग्नपत्रिका, दुकानाची पाटी असलं काम असेल तर मी क्रिटात नुसतं चित्र करते आणि अक्षरं बसवायला इंकस्केपला जाते, ते पण फुकटच आहे. क्रिटा अक्षरांसाठी बनलेलं नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षा पण करू नये. दुसरं म्हणजे आयपॅडवर क्रिटा नाही. अँड्रॉइड टॅब्लेटवर आहे, पण सगळा डेस्कटॉपचाच मेनू त्या छोट्या स्क्रीनवर येतो, बटणं बारीक, बोटाने चुकीचं काहीतरी दाबलं जातंच. पेनवाला मोठा टॅब्लेट असेल तरच तिकडे जा, मोबाईलवर तर नकोच.

तिसरं, लॅपटॉप जुना असेल तर मोठ्या कॅनव्हासवर मोठा ब्रश अडखळतो. ए4 साईज 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल, एवढ्यावर साध्या मशीनवर पण निवांत काम होतं, पण बॅनरच्या साईजला तीस लेयर (चित्राचे एकावर एक थर) लावले तर रॅम पुरणार नाही हे सरळ आहे. इन्स्टंट प्रिव्ह्यू (मोठा ब्रश अडखळू नये म्हणून दिलेला पर्याय) चालू ठेवा, फरक पडतो. ऑटोसेव्ह आहेच पण लाईटचा भरोसा नसलेल्या गावात कंट्रोल एस दाबून सेव्ह करायची सवय पाहिजेच, आणि उन्हाळ्यात तर सोलापूरचं ऊन लॅपटॉपला पण सोसत नाही, एप्रिल-मे मध्ये मी मोठी कामं पहाटेच उरकते.

पेन टॅब्लेटबद्दल खूप जण विचारतात. स्क्रीनवाला घ्यायची सुरुवातीला काही गरज नाही. साधा काळी पाटी असलेला घ्या, बघायचं स्क्रीनकडे आणि हात खाली, आठवडाभर विचित्र वाटतं मग हाताला आपोआप कळायला लागतं. पेन बिनबॅटरीचा असावा, आणि जास्तीच्या निब (पेनाची टोकं) मिळतात का ते विचारा कारण निब झिजतातच. बॉक्सवर 8192 प्रेशर लेव्हल (पेन किती दाबला ते ओळखायच्या पायऱ्या) असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्या आकड्याला भुलू नका, त्याच्या अर्ध्या लेव्हलवर पण सुंदर चित्र निघतं. आणि टॅब्लेट जोडल्यावर विंडोजवर प्रेशर लागत नसेल, म्हणजे दाबलं तरी रेघ एकसारखीच येत असेल, तर टॅब्लेट खराब आहे म्हणून लगेच परत करू नका. क्रिटाच्या सेटिंगमध्ये टॅब्लेटच्या पानावर विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत, एकाने चालत नसेल तर दुसरा लावा, क्रिटा बंद करून परत चालू करा. बहुतेक वेळा काम तिथेच होतं.

शिकायला किती वेळ लागतो? सुरुवातीला बटणं बघून घाबरायला होतं हे खरं. पण चार गोष्टी हातात बसल्या की निम्मं काम झालं. राईट क्लिक केलं की गोल पॅलेट उघडतं, त्यात आवडते ब्रश आणि रंग दोन्ही. शिफ्ट दाबून ओढलं की ब्रश लहान-मोठा. ई दाबलं की तोच ब्रश खोडरबर होतो, म्हणजे खरखरीत ब्रशने खरखरीतच खोडलं जातं, हे मला फार आवडतं. आणि एम दाबलं की चित्र आरशात दिसतं, चेहरा तिरका झालाय का ते तिथे लगेच उघडं पडतं.

छपाईचं थोडं लक्ष ठेवा. प्रेसवाला सीएमवायके (छपाईच्या चार शायांची रंगपद्धत) मागतो, आणि स्क्रीनवर झळाळणारा हिरवा-निळा कागदावर मलूल होतो, मग आपण प्रेसवाल्यावर चिडतो. क्रिटात कंट्रोल वाय दाबून सॉफ्ट प्रूफिंग चालू होतं, छापल्यावर साधारण कसं दिसेल ते आधीच कळतं. चादरीतल्या मरून आणि बॉटल ग्रीनसारखे रंग कागदावर पण टिकतात असा माझा अनुभव, झगमगीत मोरपंखी मात्र हमखास फिका पडतो. फाईल केआरए (क्रिटाचा स्वतःचा फाईल प्रकार) मध्ये ठेवायचीच, प्रेसला द्यायला वेगळी कॉपी एक्स्पोर्ट करायची.

स्टाईल कशी सापडते हे नवीन मुलं सगळ्यात जास्त विचारतात, आणि त्याचं उत्तर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही हे मी त्यांना सांगते. इन्स्टावर बघून सगळ्यांची चित्रं एकसारखी व्हायला लागलीत, तेच मोठे डोळे, तोच जांभळा उजेड. अरे आपल्या गावात मंगळवार बाजार आहे, भुईकोट किल्ल्याची काळी भिंत आहे, जुन्या गिरणीच्या चिमण्या आहेत, मराठी-कन्नड-तेलुगू तिन्ही पाट्या एका रस्त्यावर दिसतात, कडक भाकरीच्या थप्प्या आणि शेंगा चटणी आहे, ते काढा की. क्रिटा तुम्हाला हे शोधून देणार नाही, पण तुम्ही शोधून आणलेलं काढताना ते आडवं पण येत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो अक्षरांसाठी आणि अँड्रॉइडच्या बारीक बटणांसाठी. डाऊनलोड करताना क्रिटा डॉट ऑर्ग वरूनच करा, तिसऱ्याच कुठल्या साईटवरून नको. आणि ज्यांचं ह्यावर कमाईचं काम चालू झालंय त्यांनी स्टीमवर किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर तेच क्रिटा विकत मिळतं ते घ्या, तो पैसा ते बनवणाऱ्यांच्या कामाला जातो, मी पहिल्या मोठ्या ऑर्डरचे पैसे आले तेव्हा घेतलं. रविवारी कोणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, लॅपटॉप नसला तरी चालेल, वही-पेन्सिल आणा.